राऊंडसाहेबांची शिट्टी

जंगलात शिरण्याआधी शिट्टी वाजवणारा वनपाल मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गावची वावरं जिथं संपतात आणि सागाची झाडं जिथं सुरू होतात, तिथं शिवेवर एक मोठा दगड आहे. साहेब मोटरसायकल त्या दगडापाशी लावत, गळ्यातली शिट्टी दोनदा जोरात फुंकत, दगडावर बसत, खिशातून तंबाखू-सुपारीची पुडी काढून सावकाश खर्रा घोटत, तो तोंडात टाकत आणि मग आत जात. तोवर आत कुऱ्हाड चालवणारा जो कोणी असेल तो दुसऱ्या वाटेनं घरी पोचून अंगणात दात घासत बसलेला असे.

हे ते का करत, असं मी त्यांना पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"साहेब, चोराले सांगून जाता का?"

"नाई सांगतलं तं भेटन ना तो."

"भेटावाच ना मंग?"

"भेटला तं केस करा लागते. केस केली का तो आर्वीच्या कोर्टात अन् मीही आर्वीच्या कोर्टात. मंग इथं कोण राह्यलं? झाडं अन् दुसरा चोर."

उत्तर मला पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. पुढं एकदा त्यांचे वरिष्ठ गाडीतून आले, त्यांनीही हेच विचारलं. त्यांना साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं, "वाघाले सावध करतो सर. एकाएकी समोर आलो तं त्याले बी त्रास, मले बी." आणि आमच्या गावचा लक्ष्मण, ज्याच्या कुऱ्हाडीची ख्याती पार कारंज्याच्या फर्निचरवाल्यांपर्यंत पोचली होती, त्याला साहेब म्हणाले होते, "तुले पळता यावं म्हणून वाजवतो. म्हातारपणी पळणं होत नाई लक्ष्मण, आत्ताच पळून घे."

एका माणसाच्या एका सवयीची ही तीन कारणं. मी गावच्या पीककर्ज सोसायटीचा गटसचिव. बेरीज वरून केली आणि खालून केली तर एकच यायला पाहिजे, अशी माझी आयुष्याकडून साधी अपेक्षा. माझी बायको म्हणते, "तुम्ही तं मुंग्याइचीही हजेरी घ्यान." घेईनही. पण हा माणूस वरून मोजला तर एक यायचा आणि खालून मोजला तर दुसराच.

गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा ग्रामसभेनं वनसमिती केली आणि हिशेबी म्हणून मला सचिव केलं. त्याच सुमारास हे साहेब बदलून आले. वनपालाच्या ताब्यातल्या भागाला खात्यात राऊंड म्हणतात, म्हणून गाव त्यांना राऊंडसाहेब म्हणू लागलं. खरं नाव किती जणांना माहीत होतं कोण जाणे. उंच, खांदे पडलेले, डोक्यावर सरकारी टोपीऐवजी पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या झाडाकडे बघण्याची सवय. आपल्या मागे काही आहे की काय असं वाटून माणूस वळून बघायचा. तेवढ्यात साहेब मुद्द्याचं बोलून टाकायचे.

ते मूळचे समुद्रपूरकडचे, सपाट कापसाच्या मुलखातले. जंगलखात्यात नोकरी, पण जंगलातली एक काडी त्यांनी घरी नेली नाही. दात घासायला करंजीची दातून कोणी दिली तरी नको म्हणायचे. मोहाची फुलं भाजून दिली, चारोळी दिली, सीताफळं दिली, सगळ्याला नको. एकदा मी म्हटलं, "साहेब, सीताफळ तं कोणीही खाते." ते म्हणाले, "म्हणूनच मी नाई खात." याचा अर्थ काय, हे विचारण्याचं मी तिथंच सोडून दिलं.

जंगलाच्या वाटेवर कोणीही भेटला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "जाऊन राह्यला का येऊन राह्यला?" जाऊन राह्यलो म्हटलं तर पुढं काही न विचारता वाट सोडायचे. येऊन राह्यलो म्हटलं तर थांबवून आत काय दिसलं, पाणी कुठवर आहे, पानं गळाली का, सगळं विचारायचे. मला सांगायचे, "सचिव, जाणाऱ्याले कधी विचारू नये. तो काय सांगन? त्याले तरी कुठं माहीत असते. येणाऱ्याले विचारावं." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की सोसायटीत मी ते माझंच म्हणून एकदोनदा वापरलं.

आता कुऱ्हाडींचं सांगतो, कारण तिथं माझी झोप उडायची.

शिट्टी झाली की पळणारा माणूस कुऱ्हाड टाकून पळतो. दिवसाढवळ्या खांद्यावर कुऱ्हाड घेऊन गावात शिरलं तर चार माणसं बघतात. साहेब आत जात, पडलेली कुऱ्हाड उचलत आणि आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर खुंटीला टांगत. जप्त केलेल्या वस्तूचा पंचनामा करायचा असतो. मी त्यांना तसं सांगितलं.

"पंचनामा केला का ती सरकारची होते," साहेब म्हणाले. "सरकारची झाली का गंजते. चांगल्या लोखंडाचं काऊन वाटोळं करू?"

ओसरीवर गेलो की मी त्या कुऱ्हाडी मोजायचो. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. आकडा कधीच मागच्यासारखा नसे, आणि विचारलं तर साहेब माझ्या मागच्या लिंबाकडे बघायचे.

दिवाळीनंतर जाळरेषा काढायचं काम येतं. जाळरेषा म्हणजे गवत, झुडपं काढून मोकळा केलेला पट्टा, उन्हाळ्यात वणवा आला तर त्याला ओलांडता येऊ नये म्हणून. साहेबांनी पहिल्या वर्षी सगळ्या कुऱ्हाडी शाळेच्या पटांगणात ओळीनं मांडल्या आणि दवंडी दिली: ज्याची त्यानं न्यावी, आणि नेईल त्यानं जाळरेषेवर यावं. सारं गाव जमलं. हाताच्या घड्या घालून सगळे दुसऱ्यांच्या कुऱ्हाडी बघत उभे. आपली उचलणार कोण? उचलली म्हणजे कबूल झालं. बराच वेळ गेला. शेवटी लक्ष्मण पुढं आला, एक कुऱ्हाड उचलली, उलटीसुलटी केली.

"ही माही नाई," तो मोठ्यानं म्हणाला. "पण दांडा चांगला हाय."

मग भराभर सगळे पुढं आले. कोणाचीच कोणतीही नव्हती, पण प्रत्येकाला नेमकी एकच पसंत पडली. जाळरेषा मात्र अशी निघाली की मोठ्या साहेबांनी फोटो काढून नेले. आणि फाल्गुनापर्यंत निम्म्या कुऱ्हाडी परत ओसरीवर आल्या होत्या. हे बरोबर झालं की चूक? मी सचिव होतो, मला मत असायला हवं होतं. मला ते तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

या जाळरेषेच्या आत आमचं कुरण आहे. पवन्या गवताचा मोठा उतार. पूर्वी तिथं वर्षभर गुरं असत, त्यामुळं पावसाळा संपायच्या आत जमीन उघडी पडायची. साहेबांचं म्हणणं, दिवाळीपर्यंत कुरणात एकही जनावर जाऊ द्यायचं नाही. गवताला बी धरू द्यायचं, बी पडू द्यायचं, मग अर्धं कापायचं आणि अर्धं उभं ठेवायचं, चैत्र-वैशाखासाठी. बोलायला सोपं. पण आमच्याकडे देवराव गवळी आहे. पांढऱ्या गवळाऊ गाईंचा कळप, बापाच्या बापापासून चालत आलेला. त्या गाई त्याच कुरणावर वाढलेल्या.

"साहेब, गाईले दिवाळी समजत नाई," देवराव सभेत म्हणाला.

"तुले समजते ना?"

"मले समजते. पण चरतो मी नाई."

सगळे हसले. साहेबही हसले. पण त्यानंतर ते रोज संध्याकाळी देवरावच्या गोठ्यावर जाऊन बसू लागले. काय बोलत कोण जाणे. देवराव सांगतो की बहुतेक वेळ ते गाईंच्या मागच्या भिंतीकडे बघत बसायचे. शेवटी तो कंटाळून हो म्हणाला. त्या पावसाळ्यात त्यानं कुरणाकडे एक गाय वळू दिली नाही. नाल्याकाठानं, बांधांवरून, लोकांच्या शिव्या खात कळप फिरवला. भाऊ भांडला आणि आपल्या वाट्याच्या गाई घेऊन सासरवाडीला निघून गेला. जाताना म्हणाला, "तुह्या साहेबाच्या गवतावर तूच चरजो."

दिवाळीनंतर कुरणात उभं राहिलं की गवत कमरेला लागायचं. अर्धं कापलं. अर्धं उभं ठेवलं. तेवढ्यावर देवरावचा उन्हाळा होता. ते टिकलं तर कळप टिकणार होता आणि देवरावचं भावापुढं तोंडही. नाही टिकलं तर गुरं बाजारात न्यायची.

मोह वेचायचे दिवस आले. फुलं पानांत हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करायची आमच्याकडे जुनी रीत आहे. त्या वर्षी समितीनं ठरवलं होतं की जाळायचं नाही, खराट्यानं झाडायचं. सगळ्यांनी मान डोलावली होती. कोणीतरी डोलावून मग जाळरेषेच्या आतल्या मोहाखाली पेटवलं. कोणी, ते आजवर कळलेलं नाही.

त्या सकाळी मी संत्र्याला पाणी देत होतो. जंगलातून शिट्टी ऐकू आली. मी लक्ष दिलं नाही. मग पाहतो तर माझ्या कुंपणाजवळून बाया धावत निघाल्या. काहींच्या डोक्यावर टोपली, काहींचे हात रिकामे, एकीचा पदर बोरीला अडकला तर तो तसाच फाडून पुढं. मोह वेचणं ही चोरी नव्हे. गावाच्या हक्काच्या कागदात ते स्पष्ट लिहिलेलं आहे, तो कागद साहेबांनीच ग्रामसभेत वाचून दाखवला होता. मी सगळ्यांत पुढच्या यमुनाबाईंना थांबवलं. गावात मोहाची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही.

"काय झालं बाई?"

"शिट्टी झाली."

"थे ऐकलं मी. पण काऊन झाली?"

"आता हे मी काय सांगू जी? शिट्टी झाली अन् आम्ही निघालो."

"आत काय दिसलं?"

"मागं पाह्यलं असन तं दिसन ना!"

येणाऱ्याला विचारावं, असं साहेब म्हणायचे. मी एकामागून एक येणाऱ्याला विचारलं. कोणालाच काही माहीत नव्हतं. शिट्टी झाली, एवढंच. आणि ती अजून वाजतच होती.

तेवढ्यात लक्ष्मण आला, धापा टाकत, रिकाम्या हातानं. कुऱ्हाड अर्थातच मागे टाकली होती. माझ्या मोटारपंपाच्या धारेखाली त्यानं तोंड धुतलं, ओंजळभर पाणी प्याला, आणि एकदम मान वाकडी करून उभा राहिला.

"भाऊ, साहेब खर्रा नाई घोटून राह्यला."

"म्हणजे?"

"दोनदा वाजवते, मंग खर्रा घोटते. त्याशिवाय आत पाय नाई टाकत. आज थांबूनच नाई राह्यला. अन् आवाज दगडापासून नाई, आतून हाय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साहेब आत हाय भाऊ. बोलवून राह्यला."

तेव्हा मला सागाच्या शेंड्यांमागचा धूर दिसला.

मी पाणी तसंच सोडून त्याच्या मागं धावलो. पोचलो तेव्हा कुरणाच्या वरच्या अंगानं आग खाली येत होती. साहेब एकटे. एका हातात पळसाची फांदी, दातांत शिट्टी. फांदी आपटायची की शिट्टी फुंकायची, आपटायची की फुंकायची. दुपट्टा कुठंतरी पडलेला, भुवया जळलेल्या. आम्ही दिसल्यावरही ते थांबेनात. त्यांना आम्ही दिसलो की नाही, हेच कळेना. शेवटी लक्ष्मणनं त्यांच्या तोंडातली शिट्टी ओढून काढली.

"बस्स करा साहेब! तुमच्या शिट्टीनं आलेले बी पळतीन."

मग त्यानं गावाकडे तोंड करून एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. नावानं हाक मारल्यावर माणसं आली. देवराव आला, यमुनाबाई आणि बाकीच्या बाया परत आल्या. सगळ्यांनी फांद्या तोडल्या, आग झोडपली. खालच्या बाजूला, जिथं त्या "माही नाई" म्हणून नेलेल्या कुऱ्हाडींनी जाळरेषा काढली होती, तिथं आग येऊन अडली आणि विझली. पण वरचा मोठा भाग गेला. उभं ठेवलेलं गवत निम्म्याहून जास्त गेलं. आधी माणसं असती तर गेलं नसतं, हे सांगायला हिशेबाची गरज नव्हती.

देवराव राखेत उभा होता. पायाखालून अजून धूर निघत होता.

"दिवाळीपर्यंत थांबा म्हणले, थांबलो," तो साहेबांना म्हणाला. "आता काय म्हणता?"

साहेब त्या दिवशी कोणाच्या मागे बघत नव्हते. ते देवरावच्या तोंडाकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर सभा झाली. गावाला आग लावणारा पाहिजे होता. एकमेकांची नावं अर्धवट घेतली जात होती, जुनी भांडणं वर येत होती. साहेब उभे राहिले.

"आग कोणी लावली थे मले नाई पाह्यजे. शिट्टी ऐकून पळालं कोण, त्यांनी हात वर करा."

आधी कोणी हलेना. मग यमुनाबाईंनी हात वर केला, मग बाकीच्या बायांनी, मग लक्ष्मणनं. आत गेलेला प्रत्येक जण पळाला होता.

"लक्ष्मणचं समजू शकतो," साहेब म्हणाले. "तो चोर हाय."

"हो जी," लक्ष्मण म्हणाला.

"पण बाई, तुमचा तं हक्क हाय. तुम्ही काऊन पळाल्या?"

"तुमीच शिकवलं ना जी," यमुनाबाई म्हणाल्या. "शिट्टी झाली का पळावं."

"हक्काचा कागद मीच वाचून दाखवला होता का नाई? याच ओसरीवर?"

"वाचला ना. मोह वेचा, असं होतं त्याच्यात. शिट्टी झाली तं पळू नका, असं कुठं होतं?"

साहेब खाली बसले. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांच्या घशातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे मी इतक्या जवळून ऐकूनही सांगू शकत नाही.

सभा संपल्यावर ते मला क्वार्टरवर घेऊन गेले. ओसरीवर, कुऱ्हाडींखाली बसलो. मी काही विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, "सचिव, मले भेव वाटते ना जी."

"कशाचं?"

"जंगलाचं. आमच्याकडे डोळ्याले अडवणारं काई नाई. कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी. वावराच्या या धुऱ्यावर उभा राह्यलो तं त्या धुऱ्यावरचा माणूस वळखू येते. इथं दहा हातावर कोण हाय समजत नाई. पह्यल्या दिवशी घाबरून शिट्टी वाजवली, तं आतून तीन माणसं पळाली. मले वाटलं, बरं झालं, आपल्याहून जास्त भेणारे हायेत."

हे चौथं कारण. आता यातलं खरं कोणतं? दया, वाघ, कोर्ट की भीती? की एकेक कारण एकेका दिवशी खरं होतं? मला वाटत होतं, शेवटचं सांगितलेलं ते खरं असावं. पण ते सांगताना ते परत माझ्या मागच्या लिंबाकडे बघत होते.

त्या उन्हाळ्यात देवरावच्या गोठ्यापुढं कुटाराचे दोन ट्रक येऊन उभे राहिले. समुद्रपूरकडचं, सोयाबीन आणि तुरीच्या भुशाचं कुटार. कोणी पाठवलं, ड्रायव्हरला माहीत नव्हतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मले काय माहीत? त्याचे पाहुणे असतील तिकडं." देवरावचे तिकडं कोणीही पाहुणे नाहीत. गवळाऊ गाईंनी आधी त्या कुटाराकडे पाहून तोंड फिरवलं. देवरावही तसाच साहेबांना पाहून तोंड फिरवत होता. मग भुकेनं गाई खाऊ लागल्या. थोडी गुरं तरीही बाजारात गेली, पण कळप मोडला नाही. देवराव साहेबांशी बोलायला लागला तो पाऊस पडल्यावर, आणि तेही एवढंच, "औंदा कुरण कधीपासून बंद करायचं?"

साहेबांनी मात्र शिट्टीचा अर्थ बदलायला घेतला. सांगितलं, यापुढं शिट्टी म्हणजे या. पळायचं नाही, धावत यायचं. आणि सरावासाठी ते आठवड्यातून एकदा जंगलात कुठूनही शिट्टी वाजवायचे. सुरुवातीला फारच गोंधळ. काही जण सवयीनं पळायचे, थोडं गेल्यावर आठवायचं, मग लाजत परत यायचे. एक म्हातारी दर वेळी झुडपात लपून बसायची आणि सगळे जमल्यावर बाहेर येऊन म्हणायची, "मी इथंच होती."

सगळ्यांत मोठी अडचण लक्ष्मणची झाली.

"शिट्टी म्हणजे या," तो माझ्याकडे येऊन म्हणाला. "ठीक हाय. पण मंग साहेब जंगलात येऊन राह्यला, हे आम्हाले समजन कसं?"

ते त्याला कळलं नाहीच. एक दिवस साहेब शिट्टी न वाजवता आत गेले आणि सागाच्या खोडाशी दोघं समोरासमोर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लक्ष्मण सांगतो की साहेब त्याच्याहून जास्त दचकले. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "जाऊन राह्यला का येऊन राह्यला?"

"आता तुमीच सांगा साहेब," लक्ष्मण म्हणाला.

साहेब अर्धवट कापलेल्या खोडाजवळ खाली बसले आणि खर्रा घोटू लागले. निम्मा लक्ष्मणला दिला. केस केली नाही. ती कुऱ्हाड ओसरीवर आली, आणि त्यानंतर निदान त्या ओसरीवर लक्ष्मणची कुऱ्हाड कधी आली नाही. तो सुधारला, असं गावात काही लोक म्हणतात. काही म्हणतात की त्यानं जंगल बदललं. मी विचारलं तर तो हसतो.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली. आगीमुळं की नेहमीच्या क्रमानं, कळलं नाही. जाण्याआधी त्यांनी सगळ्या कुऱ्हाडी शेवटच्या वेळी पटांगणात मांडल्या आणि शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

"मले काऊन?"

"तुमी हिशेबी माणूस. उगाच वाजवणार नाई."

ती मी देवघराजवळच्या खिळ्याला अडकवली. संत्र्यावर माकडं येतात, तेव्हा बायको म्हणते, "घरात शिट्टी असून टिनाचे डबे काऊन बडवता?" मी ऐकत नाही. नवीन वनपाल आले. चांगले आहेत, शिट्टी बाळगत नाहीत, गाडीचा हॉर्न वाजवतात. सराव आपोआप बंद पडला. शिट्टीचा अर्थ आता गावात कोणाला काय आठवत असेल, हे मला सांगता आलं नसतं.

यंदा मोहाच्या दिवसांत एका सकाळी मला पुन्हा सागाच्या शेंड्यांमागं धूर दिसला. वनपालांचा फोन लागेना. खिळ्याची शिट्टी घेऊन मी धावत सुटलो. कुरणाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आग वरच्या अंगाला होती, तिथंच, आणि खाली देवरावचं उन्हाळ्याचं गवत उभं होतं. जंगलात बाया मोह वेचत होत्या, हे मला माहीत होतं. शिट्टी तोंडाला लावली आणि फुंकायच्या आधी थबकलो. नाही वाजवली तर कोणी येणार नाही. वाजवली तर सगळे पळून जातील, असंही होईल. दोन्ही बाजूंनी शून्यच येत होतं.

मग मी वाजवली. थांबलोच नाही.

आतून वाळलेली पानं वाजू लागली. धावणारी माणसं. पण कुरणाकडे येणारी पायवाट तीच आणि गावाकडे पळणारीही तीच. पळसाआडून यमुनाबाई निघाल्या, धापा टाकत, थेट माझ्या अंगावर आल्यासारख्या. माझ्या तोंडातून निघून गेलं:

"बाई, जाऊन राह्यल्या का येऊन राह्यल्या?"

"आंधळे झाले का भाऊ?" मला बाजूला ढकलून आगीकडे जाता जाता त्या ओरडल्या. "हातातली फांदी दिसत नाई का?"

त्यांच्या मागून बरीच माणसं आली. मी मोजली नाहीत.